मेल बसवून देऊ नका, आठ ओळी लिहून द्या: मुख्य कार्यालयाच्या संगणक विभागाला खुले पत्र

प्रति,
संगणक विभाग,
मुख्य कार्यालय

सर, मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी परभणीच्या बियाणे डेपोतला कारकून. तुमच्यापैकी दोघांचे आवाज मला चांगले ओळखू येतात, चेहरे मात्र एकदाही पाहिलेले नाहीत. गेल्या सहा वर्षांत आपलं बोलणं एकाच विषयावर झालं: डेपोतला मेल बंद पडलाय. दर वेळी तुम्ही तो चालू करून दिलात. त्याचे आभार आधीच मानून घेतो, कारण पुढे तक्रारच तक्रार आहे.

पत्र उघडं लिहितोय, कारण ही रड एकट्या आमच्या डेपोची नाही. माझा मेहुणा उदगीरला एका पतसंस्थेत आहे, वर्गमित्र सेलूला एका शाळेच्या ऑफिसात, दुसरा वसमतला हळदीच्या आडत्याकडे हिशेब लिहितो. चौघं एकत्र बसलो की पीकपाणी झाल्यावर गाडी इथेच येते. कुणाचा मेल येतो पण जात नाही, कुणाचा जातो पण पाठवलेला सापडत नाही, आणि प्रत्येकाचा कुणीतरी एक 'आयटीवाला' लांब शहरात असतो, ज्याचा फोन लागत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा जून सांगतो. मिरगाचा पाऊस पडून दोन दिवस झालेले. काउंटरसमोर पंधरा-वीस दुकानदार. कुणाला सोयाबीन पाहिजे, कुणाला तूर, कुणाचं मागचं बिल जुळत नाही. आणि पडद्याच्या मधोमध ती चौकट: पासवर्ड टाका. टाकला. पुन्हा तीच चौकट. पुन्हा टाकला, या खेपेला एकेक अक्षर तोंडाने म्हणत. पुन्हा चौकट. मागून मॅनेजर साहेब: "काहून येईना गेलाय मेल? काल तर येत होता." बंद पडलेली प्रत्येक गोष्ट काल चालतच होती, पण हे त्या घडीला साहेबांना कोण सांगणार?

मग तुम्हाला फोन. तो लागायला अर्धा तास, आणि त्यात तुमचा दोष नाही. तुम्ही दोघं-तिघं, डेपो राज्यभरातले. लागला की पहिलं वाक्य ठरलेलं: "एनीडेस्क चालू करा, नंबर सांगा." एनीडेस्क म्हणजे लांब बसून दुसऱ्याचा संगणक चालवायचा प्रोग्राम. पावसाने ब्रॉडबँड गेलेलं, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावलेला. गोदामाच्या पत्र्याखाली त्याला एकच कांडी. तरी एकदाचं जोडलं जातं आणि माझ्या पडद्यावरचा बाण माझ्या हाताशिवाय पळायला लागतो. अकाउंट, सेटिंग, आणखी आत, एक खूण काढली, एक लावली, कुठलासा आकडा बदलला, ओके, ओके, बंद. चाळीस सेकंदांत खेळ खलास. "बघा, आला मेल." आला खरा. मी विचारलं, "सर, झालं काय होतं?" तुम्ही म्हणालात, "काही नाही, सेटिंग हललं होतं."

सेटिंग हलत नाही हो. तो काही वावटळीत सरकणारा पत्रा नव्हे. त्या 'काही नाही'च्या आत नेमकं काय असतं, हे मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नाही. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात, धंदा थंड असताना, मीच शोधायला बसलो. शिक्षण बी.कॉम., वर एमएस-सीआयटी. रात्री जेवणं झाली की गच्चीवर अंथरूण टाकायचं आणि मोबाइलवर वाचत पडायचं. इंग्रजी अडलं की पुतणीला विचारायचं. दोन महिन्यांत मला जे कळलं, त्याने आधी हसू आलं आणि मग राग.

कळलं ते हे, की यात गुपित असं काहीच नाही. मेल पाठवायचा जो नियम आहे, एसएमटीपी, तो जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून जगापुढे ठेवला. मेल सर्व्हरवरच, म्हणजे तो जिथे साठतो त्या लांबच्या संगणकावरच, ठेवून वाचायची आयमॅप ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला असताना काढली. मेल उतरवून घ्यायची पॉप ही तिसरी पद्धत, तिचं आज वापरात असलेलं रूप १९९६ चं. तिन्ही कागद कुणीही फुकट वाचावेत असे पडून आहेत. आणि थंडरबर्ड घ्या नाहीतर आउटलुक, कुठल्याही प्रोग्रामला मेल चालू करायला आपल्याकडून लागतं तरी किती? मेल कुठल्या पद्धतीने वाचायचा. येणाऱ्या मेलच्या सर्व्हरचं नाव, त्याचा पोर्ट म्हणजे दाराचा आकडा, त्याची सुरक्षा. जाणाऱ्या मेलचं नाव, पोर्ट, सुरक्षा. आणि युजरनेम म्हणून पूर्ण पत्ता टाकायचा की ॲटच्या आधीचाच भाग. झाल्या आठ ओळी. पासवर्ड ज्याचा त्याच्याकडे. त्या आठ ओळी सहा वर्षांत एकदाही आमच्या हातात पडल्या नाहीत. तुम्ही मुद्दाम दडवल्यात असं मी म्हणत नाही. तुम्हाला त्या पाठ आहेत, म्हणून त्या लिहून द्यायच्या असतात हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या जूनच्या सकाळी काय झालं होतं, ते मला असं वर्षभराने उमगलं. मे महिन्यात तुम्ही मेल नव्या सर्व्हरवर नेला. जुना मात्र बंद केला नाही, तो तसाच धडधडत राहिला. नंतर सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावलेत, ते बदलले नव्यावर. आमच्या काउंटरच्या संगणकात नाव जुन्याचं. म्हणजे आम्ही नवी किल्ली घेऊन जुन्या घराचं कुलूप खुडबुडत होतो. जुना सर्व्हर दारातूनच म्हणत होता, पासवर्ड चूक. त्याच्यापुरतं ते खरंच होतं! सर्व्हर बदलत असल्याची सूचना तुम्ही दिली होती, हेही खरं. इंग्रजीतून, शनिवारी संध्याकाळी, आणि मेलनेच.

हे एक 'काही नाही' स्वस्तात गेलं. दुसरं महागात पडलं.

आमच्या डेपोचा मेलचा पत्ता एक आणि तो उघडा तीन ठिकाणी: काउंटरवर, माझ्या टेबलावर, साहेबांच्या लॅपटॉपवर. माझ्याकडे आणि साहेबांकडे आयमॅप. काउंटरच्या संगणकात मात्र फार पूर्वी कुणीतरी पॉप बसवून ठेवलेला, आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण काढलेली. यातला फरक आमच्या भाषेत सांगतो. आयमॅप म्हणजे गावची विहीर. पाणी विहिरीतच राहतं, ज्याला लागेल त्याने यावं, प्यावं, सगळ्यांना तेच पाणी. पॉप म्हणजे टँकर. ज्याचा ड्रम आधी लागला त्याने भरून घरात नेला, मागचा नुसती घागर घेऊन उभा. मराठवाड्यातल्या माणसाला हा फरक एका वाक्यात कळतो. पण आम्हाला विचारलं कुणी?

त्याच हंगामात एका सकाळी आठच्या सुमारास मुख्य कार्यालयातून मेल निघाला: जेएस ३३५ चा अमुक लॉट थांबवा, फेरतपासणीत उगवण कमी आलीय. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते. हा लॉट त्याच्या खाली गेला होता. काउंटरवरच्या पोराने पावणेआठला संगणक चालू केलेला. मेलचा प्रोग्राम मागे उघडा, समोर बिलिंग. प्रोग्रामने दर दहा मिनिटांच्या फेरीत मेल खाली ओढला आणि सर्व्हरवरून पुसला. पोरगं बिलं फाडत होतं, ते मेल कशाला बघतंय? मी नऊला आलो, माझ्याकडे काही नाही. साहेबांनी दहाला लॅपटॉप उघडला, काही नाही. दुपारी दीडला शहरातून फोन आला, "लॉट थांबवला ना?" तोवर एकशे चाळीस बॅगा गेलेल्या.

पुढचे दोन दिवस मी आणि ड्रायव्हर छोटा हत्ती घेऊन दुकानं पालथी घालत होतो. मानवत, पाथरी, जिंतूर. बॅगा परत आल्या, दोन सोडून. त्या दोन जिंतूरकडच्या एका शेतकऱ्याच्या रानात पडल्या होत्या. कंपनीने बियाणं बदलून दिलं, दुसऱ्याच दिवशी दिलं, ते मी स्वतः नेऊन पोचवलं. तो माणूस भांडला नाही. म्हणाला, "बियाणं देताल, ट्रॅक्टरचं भाडंबी देताल, पण वाफसा कुठून आणताल?" दुबार पेरणीचा हिशेब पिशवीच्या किमतीत बसत नाही, हे बियाण्याच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. पण तुम्हाला सांगतो, कारण त्या वाफशाची वाट एका चौकटीतल्या न लावलेल्या खुणेतून गेली होती.

मुख्य कार्यालयातून त्या दिवसाचा खुलासा मागवला गेला. आम्ही लिहिलं, मेल मिळाला नाही. तुम्ही नोंद काढून दाखवलीत, मेल आठ वाजून चार मिनिटांनी पोचला आणि आठ वाजून अकरा मिनिटांनी डेपोने उचलला. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. मेमो आम्हाला मिळाला.

आता माझी पहिली मागणी. डेपोंचे जे सामाईक पत्ते आहेत, त्यांच्यासाठी सर्व्हरवरच पॉप बंद करा. संगणकासंगणकावर जाऊन नाही, सर्व्हरवर. मग कुणी चुकून बसवायला गेला तरी बसणार नाही. आणि बंद करण्याआधी एक आठवडा सांगा, म्हणजे काउंटरच्या मशीनमध्ये अडकलेले जुने मेल आम्ही परत सर्व्हरवर ओढून ठेवू. थंडरबर्डमध्ये ते एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात ओढण्याइतकं सोपं आहे, मी करून पाहिलंय. आमच्या आधीच्या कारकुनाच्या मशीनची हार्ड डिस्क गेली तेव्हा तीन वर्षांचा पत्रव्यवहार तिच्याबरोबर गेला, तोही पॉपमुळेच. पण ते रडगाणं आता पुरे.

मेल येतो पण जात नाही, ही दुसरी जुनी बिमारी. यात बहुतेक वेळा दोनच कारणं. एक, जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरलाही नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो, आणि आउटलुकमध्ये ती खूण वेगळ्या कप्प्यात, आत कुठेतरी आहे. दोन, पोर्ट २५. तो सर्व्हरने सर्व्हरशी बोलायचा दरवाजा, आणि ब्रॉडबँडवाले तो अनेकदा बंद ठेवतात, कारण व्हायरस लागलेली मशीनं त्यातूनच कचरा पाठवतात. आपल्यासारख्यांनी ५८७ वापरायचा, सुरक्षा स्टार्ट-टीएलएस. किंवा ४६५, मग सुरक्षा एसएसएल-टीएलएस. येणाऱ्याला आयमॅपचा ९९३. आकडा एकाचा आणि सुरक्षा दुसऱ्याची अशी सोयरीक लावली की प्रोग्राम नुसता गरगर फिरत बसतो, चूक काय ते धड सांगत नाही. हे चार आकडे मी आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेत, गॅसच्या तारखेशेजारी.

आणि आता या हंगामातली गंमत, जी तुम्हालाही ठाऊक नसावी, कारण यात एनीडेस्क लागलंच नाही.

जुलैमध्ये एका मंगळवारी तिन्ही संगणकांवर मेल बंद. पासवर्डची चौकटही नाही, सर्व्हरच सापडत नाही म्हणे. बाकी सगळं इंटरनेट चालू. मी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघितला तर मेल धो धो यायला लागला. ब्रॉडबँडवर आलो, बंद. हॉटस्पॉट, चालू. साहेब म्हणाले ब्रॉडबँडवाल्याला झाडा. मी म्हटलं थांबा. तासाभराने ब्रॉडबँडवर आपोआप चालू झाला, मी खूश. वीस मिनिटांत पुन्हा बंद.

कारण निघालं गोदामात. गोदामकीपरने नवा फोन घेतला होता आणि जुना पोराला दिला होता, गेम खेळायला. पोरगं शाळा सुटली की बापाजवळ गोदामात येऊन बसतं, तिथे वायफाय मिळतं. जुन्या फोनमध्ये डेपोचा मेल जोडलेला तसाच, पासवर्ड मागच्या वर्षीचा. फोन इमानदारीने दर थोड्या वेळाने सर्व्हरचं दार वाजवायचा आणि चुकीचा पासवर्ड द्यायचा. ठरावीक वेळा असं झालं की सर्व्हर त्या आयपी पत्त्याला, म्हणजे ज्या इंटरनेट जोडणीतून दार वाजतंय तिच्या आकडी पत्त्याला, काही काळ दारातच उभं करत नाही. कुणी पासवर्ड ओळखत बसू नये म्हणून ही सोय असते आणि ती चांगलीच आहे. पण आमच्या डेपोतले सगळे संगणक आणि सगळे फोन बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात. एका फोनची चूक, वाळीत अख्खा डेपो. जुन्या फोनमधलं खातं काढलं, तासभर वाट पाहिली, सगळं सुरळीत. पोराचा गेम चालू राहिला.

हे मला कसं सुचलं? रात्री गच्चीवर वाचलेलं होतं म्हणून. नसतं वाचलं तर तुम्हाला फोन केला असता, तुम्ही एनीडेस्क म्हणाला असता, ते जोडायला मी हॉटस्पॉट लावला असता, हॉटस्पॉटवर मेल चालूच असता, आणि तुम्ही म्हणाला असता, "चालू तर आहे की." दुसरी मागणी म्हणून एवढीच: अशी बंदी कुठल्या डेपोवर बसली तर तुमच्याकडे नोंद होतच असणार. त्या डेपोला एक फोन करा. पासवर्ड बदलायला लावता तेव्हा एक ओळ वाढवा: जुन्या फोनमधून खातं काढून टाका.

सर्व्हरच्या प्रमाणपत्राच्या, म्हणजे त्याच्या ओळखपत्राच्या, इशाऱ्याबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. कधी कधी मेल उघडताना चौकट येते, की या सर्व्हरचं प्रमाणपत्र पटत नाही, तरी पुढे जायचं का? तुमच्याकडून फोनवर आलेलं उत्तर माझ्या कानात आहे: "ते काही आलं की हो म्हणायचं आणि पुढे जायचं." सर, हे म्हणजे वॉचमनला सांगणं झालं की रात्री कुणी ओळख पटवली नाही तरी फाटक उघड. ती चौकट कशाला येते? आमच्याकडे दोन कारणांनी आली. एकदा तुम्ही दिलेलं सर्व्हरचं नाव आपल्या कंपनीच्या डोमेनचं (मेलच्या पत्त्यात ॲटनंतर येतं ते नाव) होतं आणि प्रमाणपत्र होतं भाड्याने सर्व्हर देणाऱ्याच्या नावाचं. माणूस खरा, आधार कार्डावर नाव वेगळं. त्याला उपाय एकच: प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच आम्हाला द्या, किंवा आपल्या नावाचं प्रमाणपत्र घ्या. लेट्स एन्क्रिप्टवाले ते फुकट देतात, २०१६ पासून सर्रास देतात.

दुसरं कारण तुमच्याकडून कधीच सापडलं नसतं. माझ्या टेबलाच्या मशीनवर ही चौकट रोज सकाळी यायची, दुपारी नाही. का? रात्री जाताना मी मेन स्विच बंद करतो. मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल मेलेला. सकाळी मशीन उठायचं ते अनेक वर्षं मागच्या एक जानेवारीत. त्या तारखेला आजचं प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नव्हतं, मग ते खरं कसं मानणार? थोड्या वेळाने मशीन इंटरनेटवरून तारीख दुरुस्त करून घ्यायचं आणि चौकट गायब. आम्ही मात्र वर्षभर रोज सकाळी इमाने इतबारे 'हो' म्हणत होतो. एखाद्या सकाळी खरोखर कुणी खोटा सर्व्हर मध्ये घातला असता तरी आम्ही 'हो'च म्हटलं असतं. सवय लावलीत ना तुम्ही.

साहेबांच्या जुन्या मशीनचंही सांगून टाकतो. विंडोज ७, त्यावर आउटलुक २०१०. नव्या सर्व्हरवर आल्यापासून ते जोडायलाच तयार नाही. तुमचं उत्तर: मशीन जुनं झालं. बरोबर, झालं, विंडोज ७ चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच काढून घेतला. पण नेमकं कारण असं की नवा सर्व्हर जुनी सुरक्षा, म्हणजे टीएलएस १.० आणि १.१, मानत नाही, आणि मानूही नये. २०२१ मध्ये त्या दोन्ही अधिकृतपणे निकालात निघाल्या. विंडोज ७ कडे १.२ असतं, पण ते आपणहून चालू नसतं, आणि आउटलुक विंडोजच्याच भरवशावर. थंडरबर्ड स्वतःची सुरक्षा स्वतःबरोबर आणतो. म्हणून त्याच मशीनवर थंडरबर्डची ११५ ही आवृत्ती टाकली, विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची, आणि मेल सुरू झाला. ही डागडुजी आहे, हे मलाही कळतं. नवीन मशीनचा अर्ज मार्चपासून तुमच्याकडेच पडून आहे.

मराठी अक्षरांचं एक जाता जाता. तुमच्या प्रशासन विभागातून अजूनही कधीमधी पत्राचा मजकूर आयएसएम या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या 'सुरेख' नावाच्या फॉन्टमध्ये टाइप होऊन थेट मेलमध्ये चिकटवला जातो. त्यांच्याकडे तो सुरेख दिसतो, आमच्याकडे इंग्रजी अक्षरांचा काला होतो. मग आमचे साहेब म्हणतात, मेलचं सेटिंग बिघडलं. यात मेलचा काय दोष? युनिकोडमध्ये लिहा म्हणावं त्यांना.

आता मुख्य मागणी, जी आठ ओळींच्याही पुढची आहे. थंडरबर्डमध्ये नवं खातं उघडताना तो तीनच गोष्टी विचारतो: नाव, मेलचा पत्ता, पासवर्ड. मग पत्त्यातलं डोमेन उचलतो, त्याच्या पुढे ऑटोकॉन्फिग हा शब्द लावतो आणि तिथे एक छोटी एक्सएमएल फाइल शोधतो. तिथे नसली तर कंपनीच्या वेबसाइटवर एका ठरलेल्या जागी. तिथेही नसली तर थंडरबर्डमागच्या मोझिलाने सांभाळलेल्या मोठ्या यादीत. कुठेच नसली की अंदाज बांधायला लागतो, डोमेनच्या पुढे मेल, आयमॅप असले शब्द लावून दारं वाजवत फिरतो. आपल्या कंपनीची ती फाइल कुठेच नाही, मी तपासलं. म्हणून अंदाज. आणि अंदाजाने त्याला सापडतो तो तुमचा तो जुना, बंद न केलेला सर्व्हर! म्हणजे दर नव्या मशीनवर, दर नव्या कारकुनाच्या नशिबी तीच पासवर्डची चौकट. ये रे माझ्या मागल्या.

ती फाइल पंधरा-वीस ओळींची असते. त्यात आपल्या त्या आठ ओळीच असतात, फक्त यंत्राला वाचता येतील अशा. आउटलुकसाठी अशीच सोय ऑटोडिस्कव्हर नावाने असते. तुमच्यातल्या कुणी एक दुपार दिली तर राज्यातल्या कुठल्याही डेपोत पत्ता आणि पासवर्ड टाकला की मेल सुरू. एनीडेस्क नको, नंबर नको, माझ्या पडद्यावर तुमचा पळता बाण नको. पुढच्या वेळी सर्व्हर बदललात तर नव्या मशीनसाठी एक फाइल बदलायची. आणि जुन्या सर्व्हरची वीज काढा हो, एकदाची.

तुमच्याकडून याला काय उत्तर येईल, ते मला माहीत आहे, कारण मागच्या वर्षी फोनवर आलंच होतं: "सेटिंग सगळ्यांना कळलं तर सिक्युरिटीचं काय?" सर्व्हरचं नाव आणि पोर्ट ही काही तिजोरीची किल्ली नव्हे. बँकेचा पत्ता सगळ्या गावाला ठाऊक असतो, म्हणून कुणी दरोडा घालत नाही. जपायचा तो पासवर्ड. आणि तो आमच्याकडे कसा होता, ते आज कबूल करतो: गावाचं नाव, ॲटचं चिन्ह, एक-दोन-तीन. तुम्हीच बसवून दिलेला, सगळ्या डेपोंना एकाच साच्यातला, आणि कळवला होता व्हॉट्सॲपवर डायरीच्या पानाचा फोटो काढून, ज्यात शून्य कुठला आणि ओ कुठला हे आजही कळत नाही. हे पत्र लिहायला घेण्याआधी आमचा बदललाय. बाकीच्या डेपोंचं तुम्ही बघा.

मी तुमच्या कामात नाक खुपसतोय असं वाटलं तर वाटू द्या. सकाळी आठला काउंटर उघडतो तेव्हा तुमच्या विभागात कुणी आलेलं नसतं. त्या दोन तासांत जे काही बिघडेल ते आम्हालाच निस्तरायचंय, तर हत्यारं आमच्या हातात असू द्या.

आठ ओळींचा एक कागद मी मराठीत तयार केलाय. पद्धत, पोर्ट, सुरक्षा, युजरनेम, सगळं भरलंय. दोन जागा कोऱ्या सोडल्यात, येणाऱ्या आणि जाणाऱ्या सर्व्हरच्या नावाच्या, कारण प्रमाणपत्रावरचं नेमकं नाव तुमच्याकडून यावं. भरून, खाली सही करून परत पाठवा. मी त्याच्या प्रती काढून लॅमिनेट करून घेतो आणि उदगीर, जालना, नांदेड, जिथे जिथे आपला डेपो आहे तिथे पुढच्या गाडीबरोबर देतो. खर्च माझा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
डेपो कारकून, परभणी

ता. क. घड्याळाचा सेल बदलला. स्टेशन रोडवर चाळीस रुपयांना मिळाला. व्हाउचर मेलने पाठवलंय. मिळालं की नाही तेवढं कळवा.